सेनापतीचा मुलगा आणि वाटाघाटींचे राजकारण

२३ फेब्रुवारी १९९१ रोजी थायलंडच्या लष्कराने लोकांनी निवडलेले सरकार उलथवले आणि दुसऱ्याच दिवशी आखातात कुवेतच्या मुक्ततेसाठी जमिनीवरचे युद्ध सुरू झाले. त्या धामधुमीत बँकॉकची बातमी आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. मी तेव्हा सोलापुरात राज्यशास्त्र शिकवत होतो. विकसनशील देशांतील लष्करी राजवटींवरच्या प्रकरणासाठी थायलंडचे उदाहरण आयतेच हाताशी आले, आणि वर्गात मी ते वापरलेही. मात्र पदच्युत झालेले पंतप्रधान चातिचाई चुनहावन हे स्वतः रणगाडा दलातले जुने अधिकारी होते आणि त्यांच्या वडिलांनीच ४३ वर्षांपूर्वी अशाच एका बंडाचे नेतृत्व केले होते, हा तपशील पाठ्यपुस्तकात नव्हता. निवृत्तीनंतर सवडीने वाचत गेलो तसा हा माणूस मला अधिकाधिक विचारात पाडत गेला. समोरच्याला काय हवे आहे ते ओळखून त्याच्याशी व्यवहार जमवणे, हा एकच गुण त्यांनी आयुष्यभर वापरला. या गुणाने त्यांना मोठे केले आणि शेवटी खालीही खेचले, असे माझे मत झाले आहे.

चातिचाई यांचा जन्म १९२० मध्ये बँकॉकमध्ये झाला. वडील फिन चुनहावन लष्करात होते आणि पुढे फील्ड मार्शल झाले. घराण्याचे मूळ चिनी होते. बँकॉकच्या वरिष्ठ वर्तुळात ते नवलाचे नाही, तिथल्या कितीतरी मातब्बर घराण्यांचे पूर्वज चीनच्या किनाऱ्यावरून आलेले आहेत. देबसिरिन शाळेत आणि नंतर चुलाचोमक्लाओ लष्करी अकादमीत त्यांचे शिक्षण झाले. दुसऱ्या महायुद्धात थायलंडने जपानची बाजू घेतली होती; थाई फौजा ब्रह्मदेशातील शान प्रांतात गेल्या, त्यांत तरुण चातिचाई होते. पुढे कोरियन युद्धातही ते गेले, या वेळी मात्र अमेरिकेच्या बाजूने. दहा वर्षांच्या आत एकाच देशाच्या गणवेशात दोन विरुद्ध गोटांतून लढावे लागलेल्या अधिकाऱ्याच्या मनात कायमचा मित्र आणि कायमचा शत्रू या कल्पना फार घट्ट रुजणार नाहीत, एवढे अनुमान काढायला हरकत नसावी.

८ नोव्हेंबर १९४७ रोजी फिन यांनी सरकार उलथवले. देशाच्या दुरवस्थेविषयी पत्रकारांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले, आणि त्या अश्रूंवरून त्यांना जे टोपणनाव पडले ते जन्मभर टिकले. अश्रू खरे असतील किंवा नसतील, पण त्यानंतरची दहा वर्षे हे घराणे सत्तेच्या केंद्रस्थानी होते, हे निश्चित. फिन यांचे जावई फाओ श्रीयानोन पोलीस दलाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या काळात पोलीस ही जवळजवळ दुसरी सेनाच बनली. राजकीय विरोधकांचे खून आणि अफूचा व्यापार या दोन्हींशी फाओ यांचे नाव जोडले जाते. दुसरे जावई प्रमाण अदिरेकसान उद्योगधंद्यांत शिरले आणि कापडगिरण्यांमधून त्यांनी मोठी संपत्ती उभी केली. बँकॉकमधील ज्या गल्लीत ही मंडळी राहत, त्या राचाक्रू गल्लीच्या नावानेच हा सारा गट ओळखला जाई. तरुण चातिचाई यांना बढतीची चिंता करण्याचे कारण नव्हते.

१६ सप्टेंबर १९५७ रोजी फील्ड मार्शल सारित थनारत यांनी बंड केले आणि राचाक्रूची सद्दी एका रात्रीत संपली. फाओ स्वित्झर्लंडला पळाले आणि तिथेच १९६० मध्ये मरण पावले. चातिचाई यांना तुरुंगात टाकण्याऐवजी सारित यांनी एक सभ्य मार्ग शोधला: त्यांना लष्करातून काढून परराष्ट्र सेवेत घेतले आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनाला, रवाना केले. मानाचे पद देऊन नको असलेल्या माणसाला दूर ठेवण्याची ही रीत आपल्याकडच्या राजकारणालाही अपरिचित नाही. राजभवनात पाठवलेल्या कितीतरी नेत्यांची आठवण यावी. अर्जेंटिनानंतर ऑस्ट्रिया, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, व्हॅटिकन अशा जागी राजदूत म्हणून त्यांची सुमारे पंधरा वर्षे गेली.

चरित्रात्मक टिपणांमध्ये हा काळ दोन ओळींत उरकलेला असतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९५७ पर्यंतचे चातिचाई हे मेहुण्याच्या आणि वडिलांच्या जोरावर चालणारे अधिकारी होते. परदेशात त्यांच्या पाठीशी ना रणगाडे होते, ना पोलीस. लहान देशाच्या राजदूताला हुकूम सोडता येत नाही. त्याला जेवणावळीत, गप्पांत, दुसऱ्याच्या अडचणीत स्वतःसाठी फट शोधावी लागते. शिवाय युगोस्लाव्हियासारख्या देशात राहिल्यावर कम्युनिस्ट म्हणजे केवळ शत्रू, ही बँकॉकमधली त्या वेळची सरकारी समजूत टिकणे कठीण होते. उंची मद्य, सिगार आणि मोटारसायकली यांची आवड याच वर्षांत पक्की झाली असावी. पंतप्रधान झाल्यावर सत्तरीकडे झुकलेला हा गृहस्थ हार्ले-डेव्हिडसनवर बसून छायाचित्रे काढून घेई आणि पत्रकारांच्या अडचणीच्या प्रश्नांना ‘नो प्रॉब्लेम’ असे उत्तर देई. थाई जनतेने त्यांना मामा म्हणावे तसे घरगुती नाव दिले होते.

ते मायदेशी परतले १९७२ मध्ये, आणि उपपरराष्ट्रमंत्री असतानाच त्यांच्या कौशल्याची जाहीर परीक्षा झाली. २८ डिसेंबर १९७२ हा दिवस बँकॉकमध्ये समारंभाचा होता. युवराज वजिरालोंगकोर्न यांना विधिपूर्वक युवराजपद दिले जात होते आणि सर्व देशांचे राजदूत तिथे हजर होते. त्याच वेळी ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेचे चार बंदूकधारी इस्रायली दूतावासात घुसले. इस्रायलचे राजदूत समारंभाला गेल्यामुळे वाचले, परंतु सहा इस्रायली ओलीस सापडले. इस्रायलच्या तुरुंगातील ३६ कैद्यांना सोडा, अन्यथा दूतावास उडवून देऊ, अशी मागणी आली. म्युनिक ऑलिंपिकमध्ये याच संघटनेने ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडूंचा अंत होऊन चार महिनेही झाले नव्हते; त्या वेळी जर्मन पोलिसांनी विमानतळावर गोळीबाराचा मार्ग पत्करला होता आणि एकही ओलीस वाचला नव्हता.

बँकॉकमध्ये वाटाघाटींची सूत्रे एअर चीफ मार्शल दावी चुल्लासाप्या आणि चातिचाई यांच्याकडे आली; इजिप्तचे राजदूतही मध्यस्थ म्हणून सामील झाले. कैद्यांची सुटका करणे थायलंडच्या हातात नव्हते, तेव्हा देण्यासारखे त्यांच्याजवळ होतेच काय? सुखरूप बाहेर पडण्याची वाट, एवढेच. त्याबरोबर एक तर्क होता. आजचा दिवस थाई राजघराण्याच्या मंगलकार्याचा आहे, ज्या देशाशी तुमचे भांडण नाही त्याच्या शुभदिनी रक्त सांडून तुम्हांला काय मिळणार, असे त्या चौघांना पटवण्यात आले. आणि विमानात बसल्यावर आपला घात होणार नाही कशावरून, या त्यांच्या रास्त शंकेला चातिचाई आणि दावी यांनी दिलेले उत्तर म्हणजे ते स्वतः. ओलिसांना सोडा, त्यांच्या जागी आम्ही तुमच्याबरोबर विमानात बसतो, असे त्यांनी सांगितले. सुमारे १९ तासांनी, एकही गोळी न सुटता, सहाही इस्रायली मोकळे झाले आणि बंदूकधाऱ्यांना घेऊन विमान कैरोला गेले. त्यात हे दोघे थाई अधिकारी बसलेले होते. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर यांनी थाई सरकारचे कौतुक केले. मंत्र्याने असे जीवावर उदार व्हावे का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते मात्र चातिचाई यांच्या साऱ्या आयुष्यातील ही सर्वांत निर्मळ कामगिरी आहे, कारण या व्यवहारात त्यांनी तारण म्हणून ठेवले ते स्वतःला.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने फील्ड मार्शल थानोम यांची हुकूमशाही कोसळली. चातिचाई यांचे पद टिकले, यात आता आश्चर्य वाटू नये. त्याच हिवाळ्यात जगभर तेलाचा तुटवडा झाला आणि डिसेंबरमध्ये ते डिझेल मिळवण्यासाठी बीजिंगला गेले. सारित यांच्या राजवटीपासून चीनशी व्यापार करायला थाई कायद्याने बंदी होती. दोन देशांमध्ये राजनैतिक संबंध नव्हते. तरीही चीनने मित्रत्वाच्या दराने डिझेल देऊ केले. सैद्धांतिक वैर बाजूला ठेवून इंधनाच्या निमित्ताने दार किलकिले झाले. १९७५ मध्ये कुक्रित प्रामोज यांच्या आघाडी सरकारात चातिचाई परराष्ट्रमंत्री झाले. एप्रिलच्या अखेरीस दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली, आणि १ जुलै १९७५ रोजी कुक्रित यांनी बीजिंगमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासमवेत संबंध प्रस्थापित करणाऱ्या निवेदनावर सही केली. आजारी चौ त्या वेळी रुग्णालयात होते.

चीनच्या बाबतीत सोलापूरकराला थोडी वेगळी जवळीक असते. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारलेल्या या सोलापूरच्या सुपुत्रासाठी चिनी पाहुणे अजूनही वाट वाकडी करून येतात, मग सीमेवर काहीही चाललेले असो. कोटणीसांनी जोडलेला धागा त्यागाचा आणि चातिचाई यांनी जोडलेला धागा गरजेचा, हा फरक उघड आहे. पण राष्ट्रांच्या व्यवहारात गरजेचा धागा बहुधा जास्त भार पेलतो, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते. चीन थाई कम्युनिस्ट बंडखोरांना देत असलेला पाठिंबा पुढील काही वर्षांत आटत गेला आणि ते बंडही विझले. थायलंडमधील अमेरिकी फौजांची माघारीही याच काळात ठरली आणि १९७६ मध्ये पूर्ण झाली.

या सगळ्यात एक काळी बाजू आहे, ती वगळून चालणार नाही. प्रमाण आणि चातिचाई यांनी १९७४ मध्ये ‘चात थाई’ हा पक्ष स्थापन केला होता. परराष्ट्रमंत्री म्हणून चातिचाई डाव्या राजवटींशी हस्तांदोलन करत असताना, देशात त्यांच्याच पक्षाचे प्रमुख प्रमाण डाव्यांना ठेचण्याची भाषा बोलत होते. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची जी कत्तल झाली, तिची हवा अशाच भाषेने तापवलेली होती. चातिचाई यांनी आपल्या मेहुण्यापासून अंतर राखले नाही. कुटुंब, पक्ष आणि धोरण यांपैकी कशाशीच तंटा न करणे हा त्यांचा स्वभाव इथे मला अक्षम्य वाटतो.

नंतरची बारा वर्षे ईशान्येकडील नाखोन रात्चासिमा, म्हणजे कोरात, येथून खासदार, मग उद्योगमंत्री, मग उपपंतप्रधान अशी गेली. जुलै १९८८ च्या निवडणुकीत चात थाई सर्वांत मोठा पक्ष ठरला. आठ वर्षे न निवडून येता पंतप्रधानपदी राहिलेले जनरल प्रेम तिनसुलानोंद यांनी पुन्हा ते पद स्वीकारण्यास नकार दिला आणि ४ ऑगस्ट रोजी चातिचाई पंतप्रधान झाले. १९७६ नंतर निवडून आलेला खासदार त्या खुर्चीवर प्रथमच बसत होता.

पंतप्रधान म्हणून त्यांनी दिलेली घोषणा अशी होती की, हिंदी चीनच्या, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया यांच्या, रणांगणांचे बाजारपेठेत रूपांतर करू. तिचे वजन समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहिली पाहिजे. व्हिएतनामचे सैन्य १९७८ च्या अखेरीपासून कंबोडियात होते. थाई लष्कर, चीन आणि अमेरिका मिळून त्याच्या विरोधात कंबोडियन बंडखोरांना, त्यात ख्मेर रूज या खुनी संघटनेलाही, सीमेवर आसरा आणि रसद पुरवत होते. लाओसशी तर १९८८ च्या आरंभी प्रत्यक्ष सीमायुद्ध होऊन गेले होते. चातिचाई यांनी आपला मुलगा क्राइसाक, पानसाक विन्यारत आणि काही तरुण अभ्यासक यांचा एक सल्लागार गट बान फित्सानुलोक या सरकारी निवासस्थानात बसवला आणि परराष्ट्र खात्याला बाजूला सारून त्यांच्या सल्ल्याने धोरण हाकले. परराष्ट्रमंत्री सिद्धी सवेत्सिला नाराज राहिले. जानेवारी १९८९ मध्ये, ज्यांच्या राजवटीला थायलंडची मान्यताच नव्हती ते कंबोडियातील व्हिएतनामधार्जिण्या सरकारचे पंतप्रधान हुन सेन बँकॉकला पाहुणे म्हणून आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिएतनामने कंबोडियातून सैन्य मागे घेतले आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसमध्ये शांतता करार झाला. याचे श्रेय एकट्या चातिचाई यांना देता येणार नाही. सोव्हिएत संघाची मदत आटत होती, हे मोठे कारण आहे. तरी व्हिएतनामला बाहेर पडण्यासाठी शेजाऱ्याने दार उघडे ठेवणे आवश्यक होते, आणि ते दार उघडणारे हेच गृहस्थ होते.

रणांगणाची बाजारपेठ करताना बाजारात काय विकले जाते, हा प्रश्न मात्र उरतोच. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये महापूर आला, उघड्या पडलेल्या डोंगरांवरून तोडलेले ओंडके आणि चिखल गावांवर कोसळला, माणसे मेली. त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये सरकारने देशभर नैसर्गिक जंगलतोडीवर बंदी घातली. धाडसी निर्णय होता. पण थाई लाकूड व्यापाऱ्यांची कुऱ्हाड थांबली नाही, ती सीमेपलीकडे वळली. ब्रह्मदेशातील लष्करी राजवटीने रस्त्यांवर माणसे मारली त्याला काही महिनेच झाले असताना थाई सेनाप्रमुख चवलित योंगचाइयुत रंगूनला जाऊन आले आणि थाई कंपन्यांना तिथल्या जंगलांचे ठेके मिळाले. जगाने वाळीत टाकलेल्या राजवटीला तो पैसा उपयोगी पडला.

अर्थव्यवस्था त्या वर्षांत दोन आकडी वेगाने वाढत होती. जपानी कारखाने येत होते, बँकॉकमध्ये जमिनीचे भाव भडकले होते, आणि रस्ते, रेल्वे, दूरध्वनी यांचे अवाढव्य ठेके निघत होते. बँकॉकच्या पत्रकारांनी या मंत्रिमंडळाला ‘बुफे मंत्रिमंडळ’ असे नाव दिले. ज्याला जे हवे त्याने ते आपल्या ताटात वाढून घ्यावे. सहा पक्षांची आघाडी टिकवायची, तर प्रत्येकाला काहीतरी द्यायला हवे, हा पंतप्रधानांचा हिशेब होता, आणि हाच हिशेब त्यांनी बंदूकधाऱ्यांशी आणि बीजिंगशी यशस्वीपणे मांडला होता. सोलापूरच्या पूर्व भागातील एक टॉवेल कारखानदार संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. ‘काय वाचायलाव सर?’ असे त्यांनी एकदा विचारले तेव्हा मी त्यांना हे बुफेचे प्रकरण सविस्तर सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘सर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच वाटा द्यायचा म्हटल्यावर माल कुणाच्या पदरात पडायचा हो?’ सूत, रंग, वीज आणि दलाली यांचा ताळेबंद रोज मांडणाऱ्या माणसाला चातिचाई यांच्या कारभाराचा दोष माझ्या टिपणांपेक्षा लवकर दिसला. बाहेरच्या माणसाशी व्यवहार करताना दोन्ही बाजू आपापले देतात. सरकारात बसून जो वाटा दिला जातो, तो जनतेचा असतो, आणि जनता त्या टेबलावर नसते.

लष्कराला मात्र या वाटणीत समाधान नव्हते. अकादमीच्या पाचव्या तुकडीतील अधिकारी, त्यांत सेनाप्रमुख सुचिंदा क्राप्रायून, वरच्या सर्व जागांवर पोहोचले होते आणि काही मंत्री त्यांच्यावर उघड टीका करत होते. चातिचाई यांनी या अधिकाऱ्यांचे प्रतिस्पर्धी निवृत्त जनरल आर्थित कामलांग-एक यांना संरक्षण खात्याचे उपमंत्री केले. २३ फेब्रुवारीच्या सकाळी पंतप्रधान आर्थित यांना घेऊन राजाच्या भेटीसाठी चिआंग माईला निघाले. डॉन मुआंगच्या हवाई तळावर ते हवाई दलाच्या सी-१३० विमानात बसले, विमान धावपट्टीकडे सरकले आणि थांबले. संरक्षणासाठी म्हणून विमानात बसलेल्या सैनिकांनीच बंदुका रोखल्या. डॉन मुआंग म्हणजे ज्या विमानतळावरून १९७२ मध्ये ते स्वेच्छेने ओलीस होऊन कैरोच्या विमानात चढले होते, तोच. या वेळी तडजोडीचा प्रस्ताव ठेवण्यासाठी समोर कोणी नव्हते. बंडखोरांना जे हवे होते ते त्यांनी आधीच घेतले होते.

मे १९३० चा मार्शल लॉ आणि पुढे फासावर गेलेले चार हुतात्मे सोलापूरच्या घराघरांत ठाऊक आहेत, त्यामुळे लष्कराने शहर ताब्यात घेणे म्हणजे काय असते, हे इथे वेगळे शिकवावे लागत नाही. बँकॉकमध्ये त्या दिवशी तसे काही घडले नाही. लोक रस्त्यावर आले नाहीत, गोळी झाडली गेली नाही, शेअर बाजार काही काळ घसरला आणि सावरला. भ्रष्टाचाराच्या कहाण्यांनी वैतागलेल्या मध्यमवर्गाने बंडाचे जवळजवळ स्वागतच केले, आणि माजी राजदूत आनंद पन्यारचुन यांची पंतप्रधानपदी नेमणूक झाल्यावर तर सुटकेचा निःश्वास टाकला. त्या निःश्वासाची किंमत पुढच्या वर्षी कळली. सुचिंदा स्वतः पंतप्रधान झाले, त्याविरुद्ध लोक उठले आणि मे १९९२ मध्ये सैन्याने बँकॉकच्या रस्त्यांवर गोळ्या घालून कित्येकांना ठार केले. चातिचाई भ्रष्ट मंत्र्यांना पोसत होते, हे खरेच. पण त्यांना मतपेटीतून घालवता आले असते.

बंडानंतर चातिचाई काही काळ इंग्लंडमध्ये राहिले, त्यांच्या संपत्तीची चौकशी झाली, आणि १९९२ मध्ये ते नवा पक्ष, ‘चात पट्टना’, घेऊन परत आले. पुन्हा खासदार झाले, पुन्हा आघाड्यांच्या आत-बाहेर वावरले. १९९७ मध्ये थाई चलन कोसळले आणि नोव्हेंबरात पंतप्रधान चवलित यांनी राजीनामा दिला, तेव्हा मावळत्या आघाडीने ७७ वर्षांच्या चातिचाई यांचेच नाव पुढे केले. संख्याबळ जुळत आले होते. त्या क्षणी एका लहान मित्रपक्षातील डझनभर खासदार फुटून विरोधी पक्षनेते चुआन लीकपाई यांच्याकडे गेले आणि पंतप्रधानपद चुआन यांना मिळाले. सहा महिन्यांनी, ६ मे १९९८ रोजी, लंडनमधील एका रुग्णालयात कर्करोगाने चातिचाई यांचे निधन झाले.